खिशातला चाकू: निवड, धार आणि चारचौघांतला वापर

इंदुरात ‘माझ्या खिशात चाकू असतो’ असं सांगितलं की समोरचा आधी किंचित मागे सरकतो आणि मग हसतो. त्याचा दोष नाही. इथल्या वर्तमानपत्रांत ‘चाकूबाजी’ हा शब्द मंडीभावाइतक्या नेमाने येतो. त्यामुळे या लेखातला प्रत्येक सल्ला एका कसोटीवर घासून घेतला आहे: तुम्ही चाकू काढलात तर शेजारच्या टेबलावरची आजी घाबरेल, की ‘जरा माझंही फळ कापून दे रे’ म्हणेल? दुसरं होत असेल तर चाकू बरोबर निवडलात.

मी हिशेबनीस आहे. दिवसभरात पाकिटं फोडणं, नायलॉनचा दोरा कापणं, पेन्सिलीला टोक काढणं आणि दुपारी एक जाम चिरणं, एवढंच माझं चाकूकाम. (पुण्याच्या वाचकांसाठी: जाम म्हणजे तुमचा पेरू. इंदूरच्या मराठी घरात ‘पेरू आण’ म्हटलं तर मुलगा रिकाम्या हाताने परत येऊ शकतो.) रविवारी नेहरू पार्कात फेऱ्या मारून आम्ही पाचजण पोहे-जिलबीला बसतो. एकदा सहज विषय निघाला आणि कळलं की पाचांपैकी पाचांच्या खिशात किंवा पर्समध्ये चाकू आहे. त्या दिवसापासून पोहे येईपर्यंत टेबलावर चाकूंचं छोटंसं प्रदर्शन मांडलं जातं. पुढे जे लिहिलं आहे ते बरंचसं त्या टेबलावर शिकलेलं आहे.

टेबलावर काय काय असतं

आमच्या दंतवैद्यांकडे लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला शिपायांचे चाकू दिले आणि १८९७ मध्ये आज जो सगळे ओळखतात तो ‘ऑफिसर’ चाकू आणला. डॉक्टरसाहेबांना त्यातला चिमटा सगळ्यात प्रिय. मुठीच्या कडेला खोचलेली दातकोरणी मात्र ते कोणालाही वापरू देत नाहीत, आणि त्यामागचं शास्त्र पोहे थंड होईपर्यंत सांगतात.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या ताईंकडे फ्रान्सचा ओपिनेल, सहा नंबरचा. गोल लाकडी मूठ, सात सेंटिमीटरचं पातं, आणि पात्याच्या बुडाशी फिरणारं पोलादी कडं. सव्हॉय भागात जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू घडवायला सुरुवात केली. कडं १९५५ मध्ये आलं. उघडल्यावर कडं फिरवलं की पातं बोटावर मिटत नाही. इतका साधा चाकू आहे की बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाही. लाकूड सोडून, त्याबद्दल पुढे.

वहिनींकडे मुलाने जपानहून आणलेला हिगोनोकामी. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेली एक शेपटी. तिच्यावर अंगठा दाबला की पातं उघडतं, आणि अंगठा तिथेच ठेवला की उघडं राहतं. पाठीला स्प्रिंग नाही, कडं नाही. एके काळी जपानी शाळकरी मुलं याने पेन्सिली तासत.

चौथे आमचे काका, त्यांचे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. कापसाच्या गाठींचे बंद कापायला वापरायचे तो जाड पात्याचा चाकू काकांनी जपून ठेवला आहे. त्याची धार सरळ आणि पाठ पुढे वळून धारेला मिळालेली, म्हणजे टोचणारं टोक नाहीच. मिल १९९१ मध्ये बंद पडली, चाकू चालू आहे. मला विचाराल तर आमच्या सगळ्यांत शहाणा चाकू हाच. टोक नसलेल्या चाकूला कोणी भीत नाही.

माझा आजोबांचा. शेफिल्डचा, दोन पात्यांचा, मोठ्या पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रॉस ही जोसेफ रॉजर्सची खूण, मूठ शिंगाची. आजोबा होळकर दरबारच्या कचेरीत कारकून होते. लहान पातं त्यांनी बोरू तासायला वापरलं. अशा चाकूला जुन्या मराठीत ‘कलमतराश’ म्हणत आणि इंग्रजीतलं ‘पेननाईफ’ही त्याच कामावरून आलेलं. माझ्या जन्मानंतर सव्वा महिना हा चाकू मिटलेल्या अवस्थेत माझ्या उशीखाली होता, दृष्ट लागू नये म्हणून. तेव्हा या विषयात मी अगदीच नवखा नाही.

पहिली पायरी: कायद्याचं माप आधी, आवड नंतर

बहुतेकजण आधी चाकू घेतात आणि मग ‘चालतो ना?’ विचारतात. उलट करा. मध्य प्रदेशात शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४ खाली राज्य सरकारची २२ नोव्हेंबर १९७४ ची अधिसूचना आहे. तिच्याप्रमाणे ६ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू कुठल्याही मापाचा असला तरी नाही. बातम्यांत ज्याला ‘खटकेदार चाकू’ म्हणतात तो हाच. बटण दाबलं की पातं बाहेर, मग ते दोन इंचांचं का असेना. रामपुरीची ऐट करायची हौस असेल तर ती सिनेमा बघून भागवा.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. आपल्या साध्या घडीच्या चाकूतही स्प्रिंग असते, म्हणजे पाठीची कमान. पण ती पातं उघडत नाही, जागेवर धरून ठेवते. उघडावं लागतं नखानेच. त्यासाठी पात्यावर नखाची खाच असते. दोन हात लागतात, दोन सेकंद लागतात. ही दोन सेकंदं म्हणजेच या चाकूचा सभ्यपणा.

मापात बसणारा चाकू असला तरी हातात पूर्ण मोकळीक आली असं समजू नका. निवडणुका, मोठे सण किंवा तणावाच्या काळात प्रतिबंधात्मक आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. त्यांत हत्यार बाळगण्यावर वेगळी बंदी असू शकते. असा आदेश लागला की माझा चाकू घरी. कोर्ट, सिनेमागृह, मोठी मंदिरं, मिरवणूक, शाळा: तिथेही घरी. आणि कधी पोलिसांनी विचारलंच तर ‘संरक्षणासाठी’ हा शब्द तोंडातून काढू नका. खरं असेल तेच सांगा, म्हणजे फळ कापायला. ते खरं असावं यासाठी खिशात फळ कापण्याचाच चाकू हवा, एवढंच.

आमच्या टेबलाचं माप: पातं ६ ते ८ सेंटिमीटर. कायद्याच्या साधारण निम्मं, आणि जाम, सफरचंद, पार्सलचा दोरा यांना पुरून उरतं. आठ सेंटिमीटरच्या वर गेलात की चाकू खिशात मांडीला टोचतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो.

दुसरी पायरी: पोलाद ठरवा

दोनच गट लक्षात ठेवा. गंजणारं आणि न गंजणारं.

साधं कार्बन पोलाद निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पटकन धार घेतं, पण लिंबू, चिंच, कैरी लागली की काळं पडतं आणि ओलं राहिलं की तांबूस गंज धरतं. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम असतं, चाकूच्या पोलादात साधारण १३ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त. त्याला धार लावायला थोडा जास्त वेळ लागतो, बाकी त्रास कमी. ‘न गंजणारं’ हे नावही पुरतं खरं नाही. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवलंत तर तेही ठिपके दाखवतं.

घामाचा हात असेल, विसरभोळा स्वभाव असेल, किंवा चाकू स्कूटरच्या डिकीत पडून राहणार असेल तर न गंजणारंच घ्या. ताईंसारखी रोज पुसून ठेवायची शिस्त असेल तर कार्बन पोलादात वेगळी गंमत आहे. त्यांच्या ओपिनेलच्या पात्यावर वर्षभराच्या फळांनी निळसर-करडी छटा चढली आहे, जवळून बघितलं तर अर्धवट पुसलेल्या रांगोळीसारखी. हा गंज नव्हे. हा घट्ट बसलेला थर आहे आणि तो तांबूस गंजाला थोडा अडवतोसुद्धा. तो घासून काढू नका. आमच्याकडे नव्या सूनबाईंनी एकदा प्रेमाने घासून काढला होता. ताई दोन रविवार पोह्यांना आल्या नाहीत.

तिसरी पायरी: दुकानात हातात घेऊन काय बघायचं

मिटलेला चाकू उजेडासमोर धरा. कमान आणि मुठीच्या आतले पितळी पत्रे यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर जोडणी ढिली आहे. पातं दोन्ही पत्र्यांच्या मधोमध बसायला हवं. एका बाजूला घासत असेल तर काही महिन्यांत पात्यावर चरा पडेल.

आता नखाने उघडा. अर्ध्यावर पातं थोडं अडून थांबलं तर छान, मिटताना बोटं सावरायला वेळ मिळतो. सगळ्या चाकूंत तो थांबा नसतो, नसेल तर दोष नाही. पूर्ण उघडताना ‘खट्’ असा घट्ट आवाज यायला हवा. लुळा ‘टप’ आला तर कमान मेलेली. आणि नख तुटेल इतकी कडक असेल तर रोजच्या वापराला तोही नको. उघड्या पात्याचं टोक चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी हालचाल जाणवली तर परत ठेवा.

शेवटी पात्याच्या बुडाशी बघा, कारखान्याची खूण तिथे कोरलेली असते. मुठीवर स्विस क्रॉस छापलेले लाल चाकू रस्त्यावर ढिगाने मिळतात. पण पात्याच्या बुडाशी नाव नाही, कात्रीची कमान तारेची आणि पाती उघडताना खरखर करत असतील तर तो आणखी काही असेल, स्विस नव्हे.

कुलुप हवं की नको? ओपिनेलच्या कड्यासारखं साधं कुलुप उपयोगी. पण कमानीच्या चाकूला कुलुप नसतं हे एकदा मनात पक्कं बसलं की माणूस त्याने भोसकत नाही, डबे उचकटत नाही, स्क्रू फिरवत नाही. म्हणजे बोट कापलं जाण्याच्या तीन मुख्य वाटा आपोआप बंद. मिटताना मूठ दोन्ही कडांनी धरायची, बोटं पातं बसायच्या खाचेच्या बाहेर, आणि पात्याच्या पाठीवर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवून ढकलायचं. मांडीवर टेकवून मिटणाऱ्यांना आमचे डॉक्टर नावाने ओळखतात.

चौथी पायरी: धार

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चाकूचं अर्धं आयुष्य इथे ठरतं. माझ्या आजोबांच्या चाकूचं पाव आयुष्य इथेच गेलं.

झालं असं. गल्लीत सायकलवर चाक लावून धार लावणारा एकजण आला. घरातल्या दोन कात्र्या आणि विळीचं पातं दिलं, आणि भरात आजोबांचा चाकूही. चाक कोरडं होतं, वेग भरपूर. लहान पात्यातून ठिणग्या उडाल्या, मला त्या बघायला मजा वाटली. परत मिळालं तेव्हा पातं आरशासारखं, पण टोकापासून बोटभर अंतरावर मोरपिसासारखा निळा पट्टा. मला तो सुंदर वाटला. काकांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘पाणी उतरलं की रे याचं.’’

पोलाद तापवून विझवतात तेव्हा ते कडक होतं, त्यालाच पाणी देणं म्हणतात. मग पुन्हा जेवढं तापेल तेवढं ते मऊ होत जातं, आणि तापल्याचा रंग पृष्ठभागावर उमटतो: साधारण २२० अंश सेल्सिअसला फिकट गवती, ३०० च्या सुमाराला निळा. निळ्या पट्ट्यातली धार दोन दिवसांत झोपायची. शेवटी काकांनी ओल्या निसण्यावर तेवढा भाग घासून घासून मागे नेला. लहान पातं आता तीन-चार मिलिमीटर आखूड आहे. धार लावणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, विळीसाठी त्याचं चाक ठीकच होतं. पातळ पातं त्याच्या हाती मीच दिलं.

तेव्हा खिशातल्या चाकूची धार घरीच लावायची. सामान थोडं लागतं. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन बाजूंचा निसणा मिळतो, एक बाजू खरबरीत आणि एक बारीक. दाण्याचा नंबर ४०० आणि १००० च्या आसपास असलेला घेतलात तर रोजच्या चाकूला पुरतो. त्यावर जुना कातडी पट्टा. बस.

आधी धार खरंच गेली आहे का ते बघा. ट्यूबलाइटखाली पात्याची धार वर करून डोळ्यांसमोर धरा. तीक्ष्ण धार दिसत नाही, कारण प्रकाश परतवायला तिला जाडीच नसते. कुठे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकला तर तेवढी जागा बोथट. अंगठ्याने तपासण्यापेक्षा हे बरं. सगळीकडे रेघ नसेल तर निसणा काढूही नका, पट्ट्यावर चार हात फिरवा.

निसणा पाण्यात बुडवा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटं. ओट्यावर ओला नॅपकिन पसरून त्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. धारेवर मार्करने काळी रेघ ओढा. ही युक्ती वहिनींची आणि सगळ्या यंत्रांपेक्षा भारी.

आता कोन. लोक इथेच घाबरतात, तर सोपा हिशेब सांगतो. पातं निसण्यावर आडवं ठेवा आणि पाठ उचला. पात्याच्या रुंदीच्या पावपट उचललीत की कोन साधारण १५ अंश, तिसऱ्या हिश्श्याइतकी उचललीत की सुमारे २० अंश. म्हणजे १६ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ ४ मिलिमीटर वर. फळं चिरायला १५ चांगला. दोरे, पुठ्ठे, प्लास्टिकचे बंद कापायचे असतील तर २० ठेवा, धार जरा जास्त टिकते.

खरबरीत बाजूवर, बुडापासून टोकापर्यंत, धार पुढे ठेवून ढकला, जणू निसण्यावरून पातळ पापुद्रा सोलायचा आहे. दोन-तीन हात झाले की थांबा आणि मार्करची रेघ बघा. वरचाच भाग गेला असेल तर पाठ फार खाली आहे. कडेलाच गेली असेल तर फार वर. पूर्ण रेघ सारखी पुसली जात असेल तर कोन जमला. टोकाकडे पातं वळतं तिथे मूठ हलकेच उचलावी लागते, नाहीतर टोक बोथट राहतं. नवशिक्यांचे नव्वद टक्के चाकू मधे तिखट आणि टोकाला लोणी असतात. (हे टक्के माझे, कुठल्या अहवालातले नव्हेत.)

किती हात? मोजू नका. एका बाजूने घासत राहिलं की धारेच्या दुसऱ्या अंगाला पोलादाची बारीक कड उलटते. बोट धारेवरून नव्हे, पाठीकडून धारेकडे आणि बाहेर सरकवा, नखाखाली खरखर लागते. ती बुडापासून टोकापर्यंत सलग लागली की त्या बाजूचं काम झालं. आधी नाही. बाजू बदलण्याची घाई हे धार न येण्याचं एकमेव खरं कारण आहे. आता पातं उलटा, खरखर पहिल्या बाजूला येईपर्यंत तेच.

मग निसण्याची बारीक बाजू. दाब निम्मा करा. एक हात इकडून, एक तिकडून, दाब कमी कमी करत शेवटी फक्त पात्याचं वजन. शेवटी कातडी पट्टा: तो टेबलाच्या कडेला ताणून धरा आणि इथे उलटं करा. पाठ पुढे, धार मागे. धार पुढे ढकललीत तर पट्टा चिरला जाईल, आणि माझ्याकडे दोन तुकड्यांचा पट्टा पुराव्याला आहे. दोन्ही बाजूंनी वीसेक हात. वर्तमानपत्राचं पान उभं धरून वरच्या कडेला लावा. न अडकता कापत गेलं तर झालं. त्याहून चांगली परीक्षा पिकलेल्या टोमॅटोची. दाबावं न लागता साल तुटली पाहिजे.

निसणा नसेल तेव्हा चिनी मातीच्या कपाचा तळ बघा. उलटा केल्यावर जी खरबरीत गोल कड दिसते, तिच्यावर झिलई नसते. त्यावर पाच-सहा हलके हात मारले तर आठवडा निघतो. सासुरवाडीला हे करू नका, चहा थंड होतो आणि चर्चा गरम.

पाचवी पायरी: पावसाळा आणि खिशातला कचरा

खिशात कापसाचे तंतू, सुपारीचा चुरा, जुनी बिलं आणि पोह्यांवरच्या जिरावणाची पूड असते, हे प्रत्येक इंदूरकराला मान्य करावं लागेल. हे सगळं कमानीखाली जाऊन बसतं. महिन्यातून एकदा चाकू उघडून दातकोरणीने खाच साफ करा. न गंजणारं पोलाद आणि प्लास्टिकची मूठ असेल तर कोमट पाण्यात धरून पातं पंधरा-वीस वेळा उघडा-मिटा, काळं पाणी निघेल. नीट झटका, पुसा, उन्हात तासभर उघडं ठेवा. लाकडी किंवा शिंगाची मूठ मात्र पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्यावर भागवा.

खिळ्यापाशी तेलाचा एक थेंब. कोणतं तेल? शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं नको, हळूहळू चिकट गोंद होतो. खोबरेल बरं, पण इंदूरच्या डिसेंबरात ते थिजतं आणि चाकू सकाळी उघडायला कुरकुरतो. फळ कापायचं आहे म्हणून मशीनचं तेलही मी टाळतो. औषधाच्या दुकानात साधं लिक्विड पॅराफिन मिळतं. त्यात दुसरं औषध मिसळलेलं नाही हे बाटलीवर बघून घ्या. ना वास, ना चव, ना चिकटपणा. छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते.

जुलै ते सप्टेंबर लाकडी मुठी फुगतात. ओपिनेलचं पातं तर इतकं घट्ट बसतं की नख लागत नाही. जोर लावू नका. ज्या टोकाला कडं नाही, ते मुठीचं टोक टेबलावर ठक्कन आपटा, पातं थोडं वर येतं. सव्हॉयमधले शेतकरी हेच करतात आणि ताई पोह्यांच्या टेबलावर हेच करतात. वेटर दर वेळी वळून बघतो. चाकू वाळला की फटीत थोडं मेण घासून ठेवा, पुढच्या पावसात त्रास कमी.

गंजाचे ठिपके आलेच तर तेलाचा थेंब टाकून दोन तास ठेवा, मग बाटलीच्या बुचावर बारीक चाळलेली राख घेऊन घासा. चिंचेने पितळी भाग लखलखीत करायचा मोह आवरा. आंबट पाणी खिळ्यापाशी शिरतं आणि आतून खातं. पितळ काळसर असलेलंच बरं दिसतं, हे माझं मत. बायकोचं वेगळं आहे.

सहावी पायरी: चारचौघांत

चाकू खिशातून काढताना काय करणार आहात ते आधी हातात दिसू द्या. म्हणजे आधी फळ बाहेर, मग चाकू. हा क्रम उलटा झाला की लोक बघायला लागतात. कापून झालं की लगेच मिटा, बोलता बोलता उघड्या चाकूने हातवारे करू नका. आमच्यातल्या एकाला ही सवय होती. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून दुसरीकडे बसलं, तेव्हा सुटली.

दुसऱ्याला देताना मिटून द्या. उघडा द्यायचा तर टेबलावर ठेवा, तो उचलेल. आपल्याकडे कात्री-सुरी हातात दिली की भांडण होतं म्हणतात. भांडणाचं माहीत नाही, पण बोटं वाचतात. युरोपात चाकू भेट मिळाला तर बदल्यात एक नाणं द्यायची पद्धत आहे, मैत्री कापली जाऊ नये म्हणून. आम्ही तीही उचलली आहे. माझ्या साठीला मंडळींनी चाकू दिला तेव्हा मी चौघांत वाटून एक रुपया दिला.

लहान मुलं असतील तर त्यांना पेन्सिल तासायला द्या, मात्र तुमच्या शेजारी बसवून, आणि अंगठा धारेच्या वाटेत येणार नाही हे बघून. काकांचा टोक नसलेला चाकू यालाच उत्तम.

प्रवास

विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, मग तो कितीही छोटा असो. चेक-इनच्या बॅगेत गुंडाळून ठेवता येतो. वाक्य सोपं आहे, अंमल अवघड, कारण खिशातल्या चाकूचं वजन काही वर्षांनी जाणवेनासं होतं. मुंबईच्या लग्नाला निघताना मी तपासणीच्या रांगेत उभा राहिलो आणि पँटच्या खिशात आजोबा लागले. बॅग आधीच पट्ट्यावरून आत गेली होती. रांग सोडली, सोडायला आलेल्या आत्येभावाला फोन केला, तो वाहनतळावरून परत फिरला आणि दारात चाकू घेऊन गेला. ‘‘डिकीत ठेवतो,’’ म्हणाला, ‘‘नीट ठेवतो, काळजी करू नकोस, दादा.’’

तेव्हापासून घरात किल्ल्यांची जी वाटी आहे तिच्यात आधी चाकू टाकायचा, मग बॅगेची चेन लावायची, असा नियम केला आहे. चार दिवसांनी परत आलो तेव्हा आत्येभावाने चाकू रुमालात गुंडाळून आणून दिला. पुसलेला, मिटलेला, व्यवस्थित. मोठं पातं उघडलं तर हिरव्या मिरचीचा झणका नाकात गेला, आणि बुडाशी, ताऱ्याच्या खुणेपाशी, धण्याचं अर्धं पान चिकटलेलं होतं.